चार एकर असार्ट

९ फेब्रुवारी २०२३, गुरुवार

बाईचा दावा फेटाळला. काल टपालाने आदेश आला आणि पुनमने, म्हणजे बाईच्या सुनेने, त्याचा फोटो माझ्या मोबाइलवर पाठवला.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण, बायनाबाई. वय चौऱ्याहत्तर. पिपरटोल्याला जंगलाच्या कडेला आमची चार एकर धानाची बांधी आहे. आजोबांनी, इतवारी उंदिरवाडे यांनी ती केली, मग बाबांनी कसली, आणि बाई विधवा होऊन माहेरी परत आली तेव्हापासून तीच कसते. सातबारा नाही. सरकारदरबारी ती जमीन म्हणजे जंगल. वनहक्काचा पट्टा मिळाला तर बांधी आमची, नाही तर अतिक्रमण. आणि या पावसाळ्यात तिथे सागाची रोपं लागतील, असं वनखात्याचा बीट गार्ड पुनमला तोंडावर सांगून गेला आहे.

आदिवासींना पट्ट्यासाठी एवढे पुरावे लागत नाहीत. आम्ही बौद्ध, म्हणजे कायद्याच्या भाषेत 'इतर'. इतरांना डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा लागतो. आदेशात दोन कारणं दिली आहेत. पहिलं जबाबाच्या मजकुराबद्दल काहीतरी कारकुनी आहे, ते सोडून देऊ. दुसरं खरं कारण: पुरावा अपुरा. साठ दिवसांत जिल्ह्याच्या समितीकडे अपील करता येतं.

अपील मीच लिहिणार. दुसरं कोण आहे? गडचिरोलीत तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवून रिटायर झालो. मूळ दावाही मीच लिहिला होता, सात वर्षांपूर्वी, आणि चांगला लिहिला होता.

आज सकाळपासून तीनदा बसस्टँडपर्यंत चालून आलो. जायचं कुठेच नव्हतं.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

चंद्रपूर. गडचिरोली जिल्हा झाला तो ब्याऐंशी साली, त्याआधीचं सगळं दप्तर इथेच, जुन्या चांद्यात. तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला साहेब रजेवर, दुसऱ्या खेपेला किल्ली रजेवर. आज रिना नावाची कारकून बाई भेटली. तिने टेबलावरचा डबा बाजूला सारला, पदर नाकाला लावला आणि स्वतः आत जाऊन नऊ रजिस्टरं काढून आणली. अशी माणसं अजून आहेत म्हणून हा देश चालतो.

दुपारी अडीचच्या सुमारास सापडलं. वनगुन्ह्यांचं रजिस्टर, सन १९१३. हस्ताक्षर तिरकं, शाई तपकिरी पडलेली. गावाचं नाव पिपरटोला. गुन्हेगाराचं नाव इतवारी, बापाचं नाव, नावापुढे जात (तेव्हा प्रत्येकाच्या नावापुढे असायची, तरी वाचताना कान तापले). वर-खाली सगळ्यांचे गुन्हे एकाच साच्याचे: विनापरवाना तोड, विनापरवाना तोड, चराई, विनापरवाना तोड. आणि आजोबांच्या रकान्यात एकच शब्द, जो मी आयुष्यात कधी वाचला नव्हता. असार्ट. पुढे इंग्रजीतच: चार एकर, जुनं, बांध घातलेलं, धानाखाली. दंड केला. हुसकावलं नाही.

एकोणीसशे तेरा! २००५ च्या आधीची पंच्याहत्तर मागता, घ्या नव्वदच्या वर. रिनाबाईला चहा पाजतो म्हणालो तर ती म्हणाली, "सर, आधी नकलेचा अर्ज करा, चहा कुठी जात नाई."

येताना बसमध्ये उभ्यानेच आलो, जागा होती तरी. आनंद झाला होता, आणि लाजही वाटत होती. आजोबा गुन्हेगारांच्या रजिस्टरात आहेत. बाबा कधी बोलले नाहीत. निदान माझ्याशी नाही.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

तो शब्द डोक्यातून जात नाही. तेहतीस वर्षं शब्दार्थ पाठ करून घेतले पोरांकडून, आणि माझ्याच आजोबांच्या नावापुढचा शब्द मला येत नाही. घरातल्या दोन्ही डिक्शनऱ्यांत नाही. मोबाइलवर दोन ओळी मिळाल्या: जंगल साफ करून केलेलं शेत, तसं करण्याचा गुन्हा. म्हणजे शेतही तेच आणि गुन्हाही तोच. हे काही बरोबर वाटलं नाही. चोरी आणि चोरलेला बैल यांना एकच शब्द कसा चालेल?

परत चंद्रपूरला जावं लागणार. तिथल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत मोठा कोश आहे, बारा की तेरा खंडांचा. ग्रंथपाल माझा विद्यार्थी. इंग्रजीत काठावर पास झाला होता, त्यामुळे अजून घाबरतो.

३ मार्च, शुक्रवार

पूर्ण दिवस लायब्ररीत. डबा तसाच परत आणला. घाईत लिहितो आहे, नाही तर डोक्यातून निसटेल.

शब्द फार जुना, नऊशे वर्षांचा तरी. इंग्लंडात बाहेरून आलेल्या राजांनी फ्रेंचमधून आणला, फ्रेंचांनी लॅटिनमधून. लॅटिनमध्ये मूळ अर्थ खुरपून काढणं, निंदणं. म्हणजे आमच्या बाया भादव्यात कमरेत वाकून जे करतात तेच. बायकांच्या हातातला शब्द, आणि जाऊन बसला कुठे, तर राजाच्या कोर्टात!

राजाने मुलखाचा मोठा हिस्सा शिकारीसाठी राखून ठेवला आणि त्याला फॉरेस्ट म्हटलं. मला आजवर वाटायचं फॉरेस्ट म्हणजे झाडं. तसं नाही. जिथे राजाचा वेगळा कायदा चालतो ती जागा म्हणजे फॉरेस्ट, मग त्यात गावं असोत, शेतं असोत, माळ असो. रेषा आधी आणि झाडं नंतर. हे वाचून मी उभाच राहिलो, ग्रंथपाल म्हणाला सर पाणी आणू का.

त्या कायद्यात झाड तोडणं हा गुन्हाच, पण तोडलेल्या खोडाला पुन्हा फुटवा येतो. असार्ट म्हणजे बुडासकट उपटून जमीन नांगराखाली आणणं, तिथे जंगल पुन्हा उभं राहूच नये असं करणं. म्हणून तो सगळ्यांत मोठा गुन्हा. शिक्षा काय? ठरल्या वर्षांनी राजाची माणसं यायची, शेत मोजायची, कोणी केलं, किती एकर, काय पेरलं ते लिहायची आणि दंड घ्यायची. गव्हाला जास्त, ओटला कमी. आणि गंमत ही की दंड भरला की माणूस तिथेच राहायचा. पुढच्या खेपेला पुन्हा दंड. होता होता त्या दंडाचा सारा झाला आणि त्या शेतालाच असार्ट म्हणू लागले. बाराशे सतरा साली तर राजाने सनदच काढली, की अमुक तारखेच्या आधीची असार्टं माफ. तारखेच्या आधीची! आपल्या कायद्यातही तारीखच आहे, तेरा डिसेंबर दोन हजार पाच. आठशे वर्षांत सरकारांना नवीन काही सुचलेलं नाही.

म्हणजे गुन्ह्याची नोंद हाच ताब्याचा पुरावा. १९१३ साली मच्छर मारत बसलेला कोणीतरी पुस्तकी साहेब हे जाणून होता. त्याने 'विनापरवाना तोड' लिहिलं नाही, मुद्दाम हा शब्द लिहिला. समितीसमोर हे सगळं मांडणार. बघू कोण फेटाळतं.

१४ मार्च, मंगळवार

नक्कल मिळाली, शिक्क्यासह. पण रिनाबाईने उगीच एक काम केलं. म्हणाली, "सर, आदेश दाखवा ना, कोणत्या कलमाखाली लावता ते पाहतो." मी दाखवला. तिने तो पहिल्या ओळीपासून वाचला. मी वाचला नव्हता असं नाही, मी त्यातलं कामाचं वाचलं होतं.

आदेशात बाईच्या जबाबातलं एक वाक्य उतरवून घेतलं आहे. "सदर जमीन पूर्वापार मोकळी व पडीक असून आमच्या पूर्वजांनी जंगलातील एकही झाड तोडलेले नाही." आणि खाली शेरा: अभिलेखानुसार जमीन वन आहे, सबब जबाब विसंगत.

रिनाबाईने नक्कल एका हातात धरली, आदेश दुसऱ्या. "हे दोन कागद तर एकमेकाशी भांडून राह्यले, सर. इथी म्हणते झाड तोडलंच नाई, इथी आज्याले तोडल्याचा दंड. जबाब कोणी लिहिला हा?"

मी म्हणालो, गावातल्या कोणीतरी लिहून दिला असेल.

"अशा लोकायनंच गरिबाचे केस बुडते," ती म्हणाली. मी हो म्हणालो.

१६ मार्च, गुरुवार

लिहिण्यासारखं काही नाही. पंखे पुसले. जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा रद्दीत काढला आणि परत आत ठेवला.

१९ मार्च, रविवार

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मी चोर नाही, तरी स्पष्ट लिहून ठेवलेलं बरं.

ते वाक्य माझं आहे. चांगलं वाक्य म्हणून मी ते दोनदा फिरवून लिहिलं होतं. तेव्हा वाटलं होतं, आपली माणसं आधीच कशाकशासाठी चोर ठरवली जातात, त्यात स्वतःच्या हाताने कशाला लिहून द्या की आम्ही जंगल तोडलं? शिकलेला भाऊ असण्याचा उपयोग तो काय मग? कोणाचं वाईट करण्यासाठी लिहिलेलं नव्हतं. वकीलसुद्धा तसंच लिहितात.

आणि आज त्याची गरजच काय उरली? एवढा इतिहास पुढे ठेवल्यावर ते एक वाक्य कोण पाहतं? अपील अकरा पानांचं होतंय. राजापासून सुरुवात केली आहे.

२८ मार्च, मंगळवार

पिपरटोला. अपिलावर बाईची सही हवी होती, म्हणजे अंगठा. घरी कुलूप. मोहाचे दिवस, दोघी सासू-सुना पहाटेपासून बांधीत. आमच्या बांधीत पाच मोह आहेत, ऐन मध्यावरचा सगळ्यांत थोर. खालचा पाला जाळून जमीन झाडून ठेवलेली, त्यावर फुलं पडलेली, आणि बाई बसल्या बसल्या सरकत वेचत होती. चौऱ्याहत्तरव्या वर्षी. मी खाली बसायला गेलो तर गुडघा बोलला.

तिला सगळं सांगितलं. रजिस्टर, दंड, राजा, निंदणातून आलेला शब्द. ती वेचत वेचत ऐकत होती. मी म्हणालो, "बाई, आपल्या आजोबांना या शेतासाठी दंड झाला होता. माहीत आहे तुला?"

"दंडच नाई, खडी फोडाले नेला होता चांद्याले. भराले पैसे नोते त."

मी थक्क. "तुला कोणी सांगितलं?"

"बानं. इथीच बसून सांगे. रोवणा करतानी सांगे, चुरणा करतानी सांगे. हा मोह आज्यानं काऊन ठेवला, तो काऊन ठेवला, सारं सांगे."

"मला कधी सांगितलं नाही."

"तू कुठी होतास? तू वसतिगृहात."

माझ्या वसतिगृहाचा खर्च याच बांधीतून जायचा. बाईला चौथीतून काढलं ते माझ्या पाचवीच्या वर्षी नव्हे, त्याच्या आधीच, पण परत घातलं नाही ते माझ्यामुळे. हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. इथे लिहायला हरकत नाही.

मी जरा चिडूनच म्हणालो, "मग दावा लिहिताना का नाही सांगितलंस?"

तिने मान वर केली. "तू विचारलास काय? त्या दिवशी लिवत बसला होतास तवा तू पानी मांगलास. मी पानी देलो." आणि पुन्हा वेचायला लागली. मग थोड्या वेळाने, "काय लिवला होतास बाबू त्याच्यात?"

"तेच आपलं. नेहमीचं असतं ते."

तिने बरं म्हटलं. मोहाने चिकट झालेला अंगठा लुगड्याला पुसला आणि मी दाखवलं तिथे लावला. अकरा पानं, प्रत्येक पानावर. शेवटच्या पानावर छापील ओळ असते: वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला व मान्य आहे. सात वर्षांपूर्वीच्या जबाबाखालीही ती होती. कोण वाचून दाखवतो? कोणीच नाही. सगळ्या जिल्ह्यात असंच चालतं.

पुनम म्हणाली, "मामाजी, जेवूनच जा." मी थांबलो नाही. शेवटची गाडी साडेचारची होती, मी सव्वातीनलाच रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

२ एप्रिल, रविवार

शुक्रवारी अपील दाखल केलं. पोचही मिळाली. रजिस्टरची नक्कल जोडली. पहिल्या कारणाबद्दल अकरा पानांत एक अक्षर नाही. तारीख मिळाली, १९ एप्रिल.

८ एप्रिल, शनिवार

आज एक कागद लिहिला. "मी, खाली सही करणार, असे लिहून देतो की सदर जबाब दावेदाराने सांगितलेला नसून मी स्वतःच्या मनाने..." इथपर्यंत आलो आणि फाडला. दुसरा लिहिला, तोही फाडला. मुद्रांकवाल्याच्या टपरीपर्यंत गेलो होतो. तिथे माझा एक जुना सहकारी उभा, म्हणाला काय सर, प्लॉट घेता काय? मी हो म्हणालो. आता गावभर होईल की उंदिरवाडे सरांनी प्लॉट घेतला.

खोटा जबाब सरकारी कामात दिला तर काय होतं? पेन्शनला हात लावता येतो का? कोणाला विचारायची सोय नाही. विचारलं की कळलंच. आदर्श शिक्षकाची चौकट समोरच्या भिंतीवर आहे. आज ती उगीचच सरळ केली, वाकडी नव्हती.

१४ एप्रिल, शुक्रवार

जयंती. सकाळी वस्तीत वंदना, मग मिरवणूक, मग चौकात भाषणं. दरवर्षीसारखं मला वर बोलावलं. मी शिक्षणावर बोललो. म्हणालो, पहिली पिढी शिकली की तिने मागच्या पिढीचा आवाज व्हावं. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर सरबत दिलं, ते तसंच ठेवून घरी आलो. उन्हामुळे असेल.

१९ एप्रिल, बुधवार

जसं झालं तसं लिहितो.

बाईला पुनमने सकाळच्या गाडीत बसवलं. मी स्टँडवर उतरवून घेतली. नवं पांढरं लुगडं, हातात पिशवी. पिशवीत माझ्यासाठी मोहाचे लाडू. हॉलच्या बाहेर दीड तास बसलो. तिने विचारलं, "काय बोलू?" मी म्हणालो, काही नको, मी आहे.

आत टेबलाला सहा जण. अध्यक्ष मॅडम पस्तिशीच्या असतील. मी उभा राहिलो आणि सुरू केलं. राजा, त्याची सनद, खुरपणं, दंडाचा सारा कसा झाला ते सगळं. मॅडमनी मध्ये तोडलं नाही. खरंच ऐकत होत्या, एक-दोनदा लिहूनही घेतलं. माझं संपल्यावर म्हणाल्या, "छान अभ्यास केलाय सर. एवढं खोदून कोणी आणत नाही. रजिस्टर तर पक्का पुरावा आहे." मी छाती वर करून खाली बसलो.

मग त्यांनी फाइल उलटी केली. "पण मग हा जबाब?" आणि त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. अक्षर न् अक्षर. एकही झाड तोडलेले नाही.

बाईने ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी तिच्याकडे पाहायचं टाळत होतो, तरी दिसलं. तिने डोळे बारीक केले, दुकानदार वजनात गडबड करतो तेव्हा करते तसे. मग माझ्याकडे पाहिलं.

"आजी, हे तुम्ही सांगितलं होतं?"

"हो मॅडम. मीच सांगतलो."

"आजोबांना दंड झाला हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नोतं मालूम."

"आजी, नीट ऐका. एक तर हा जबाब खोटा आहे, नाही तर रजिस्टरातला इतवारी तुमचा आजोबा नाही. खोटा जबाब असेल तर दावा तिथेच संपतो."

बाईने पिशवी मांडीवर घट्ट धरली. "चूक माही हाय. याची नाई. यानं मी सांगतलो तसाच लिवला. मास्तर हाय तो. त्याले यात नोका ओढू."

पंखा चालू होता. मला उभं राहिल्याचं आठवत नाही, पण मी उभा होतो. म्हणालो, "मॅडम, माझी बहीण खोटं बोलते आहे."

कोणीतरी पेन खाली ठेवलं. बाई म्हणाली, "बाबू, बस."

मी बसलो नाही. सांगून टाकलं. वाक्य माझं. तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही, वाचूनही दाखवलं नाही. तिला आजोबांची सगळी हकीकत माहीत आहे, खडी फोडायला नेलं तेही, मोह का ठेवले तेही. मला लाज वाटत होती म्हणून मी चांगलं दिसेल असं लिहिलं. हे बोलताना आवाज फाटला. तेहतीस वर्षं वर्गात कधी फाटला नव्हता.

मॅडमनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, "बाहेर बसून हेच लिहून द्या. सहीनिशी. तुमच्या बाबतीत पुढे काय करायचं ते नंतर बघू."

व्हरांड्यात बसून लिहिलं. पाच ओळी झाल्या.

साडेचारला तोंडी निर्णय सांगितला. फेटाळल्याचा आदेश रद्द. प्रकरण परत ग्रामसभेकडे. दावेदाराचा नवा जबाब तिच्याच शब्दांत घ्यावा, गावातल्या म्हाताऱ्या माणसाची साक्ष घ्यावी. तोवर बांधीत रोपं लावायला कोणी यायचं नाही.

मी बाईला स्टँडवर सोडलं. ती खिडकीशी बसली आणि गाडी हलेपर्यंत समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत राहिली. लाडूंची पिशवी माझ्याकडेच राहिली.

२४ एप्रिल, सोमवार

पाच दिवसांत तीनदा फोन केला. तिन्ही वेळा पुनमने उचलला. "आई वावरात हाय." दुपारी बारालाही वावरात.

लाडू खाल्ले नाहीत. टाकलेही नाहीत.

१ मे, सोमवार

ग्रामसभा सकाळी नऊला शाळेच्या पडवीत. मला कोणी बोलावलं नव्हतं, तरी पहिल्या गाडीने गेलो. सचिव म्हणाला, "या सर, तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर चांगलं हाय." मी बाईकडे पाहिलं. आली तेव्हापासून तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

"लिवू दे त्याले," ती म्हणाली. "पन मी सांगतो तेच लिवजो. मदात हुशारी नोको."

मी लिहायला बसलो. ती उभी राहून बोलली. हे तिचे शब्द, मी एकही सुधारलेला नाही. दोन ठिकाणी हात शिवशिवला, तरी नाही.

"माह्या आज्यानं जंगल तोडलं. हौसेनं नाई तोडलं, गावात आमाले वावर कोणी देत नोतं म्हणून तोडलं. पाच मोह ठेवले, बाकी झाडं बुडासकट काढले. साहेबानं दंड ठोकला. पैसे नोते त त्याले चांद्याले खडी फोडाले नेला. माही आजी पोटुशी होती. तिनं एकटीनं रोवणा आटपला. आज्या वापस आला तवा धान पोटरीत होता. मंग साहेब दुसऱ्या खेपी आला त बांधीत आजी उभी होती. ते नाई हटली. तिच्या मांगं माही माय. तिच्या मांगं मी."

सुकलू मडावी, नव्वदीचा, काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तो म्हणाला, "खरं हाय. माहा बा सांगे. इतवारीची बायको बांधीत पोर घेऊन उभी राह्यली, शिपायानं हात नाई लावला." सचिवाने त्याचा वेगळा जबाब घेतला.

मग मी बाईचा जबाब मोठ्याने वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. तिने डोळे मिटून ऐकला. म्हणाली, "आनखी एक डाव वाच." दुसऱ्यांदा वाचला. तिसऱ्यांदा वाचायला लावला तेव्हा मागून कोणीतरी हसलं, तिने तिकडे पाहिलं तर तेही थांबलं. मग अंगठा लावला. ठराव हात वर करून मंजूर झाला. फाइल आता पुन्हा वर जाईल. वर काय होईल ते वरच्यांना माहीत, पण यंदा धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायचे असं पुनमने ठरवूनही टाकलं आहे.

सभा संपल्यावर बाई बांधीच्या वाटेला लागली. मी मागे मागे. ऊन टळटळीत होतं. थोरल्या मोहाखाली थांबली आणि मला म्हणाली, "पेन्शन बंद होईन का तुही?"

"माहीत नाही. बघू म्हणाल्या."

"मी बोल्लो होतो ना सारं. निभून गेलं असतं. मंग काऊन उठलास तू?"

"दावा गेला असता, बाई. बांधी गेली असती. तुझी बांधी."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं, एकोणीस तारखेनंतर पहिल्यांदा.

"माही हाय हे मले पंचेचाळीस वर्सं मालूम हाय," ती म्हणाली. "तुले मालूम व्हाले कचेरी लागली."